एमएम ५४० फोर बाय फोर: पुढच्या हाऊसिंगमध्ये दुधाळ ऑइल, दांडा अडकतो आणि ५० च्या पुढे थरथर

हरसूलरोड:
गाडी १९९४ ची महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजो इंजिन, मागे पिकअप बॉडी. पुढच्या चाकांना लॉकिंग हब (चाक अॅक्सलपासून सोडवायची सोय) नाही, साधी फ्लँज आहे, म्हणजे चाक कायम जोडलेलं. तीन तक्रारी आहेत.

१) पावसात हरसूलकडचे ओहोळ ओलांडून आल्यावर पुढच्या अॅक्सलच्या हाऊसिंगचा (डिफरन्शियलच्या गिअरांचं घर) लेव्हल प्लग उघडला, तर ऑइल चहासारखं. मागचं स्वच्छ आहे.
२) चिखलातून डांबरीवर आल्यावर फोर व्हीलचा दांडा बाहेर येत नाही. जोर लावला तर खटकन् सुटतो.
३) पुढचा प्रोपेलर (अॅक्सलकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट) सफाईसाठी काढून परत बसवला, तेव्हापासून ५० च्या पुढे फ्लोअर थरथरतो, टू व्हीलमध्येसुद्धा.

मागचे दोन टायर नवे आहेत, पुढचे जुनेच. गॅरेजमध्ये सांगितलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) उघडावी लागेल. उघडण्याआधी घरी काय काय तपासता येईल?

गिअरऑइल_९०:
ट्रान्सफर केसला अजून हात लावू नका. तिन्ही गोष्टींची कारणं बाहेरच दिसतायत.

आधी ऑइल. पाणी बहुतेक ब्रीदरमुळे (हाऊसिंगची हवा आत-बाहेर जायची छोटी वाट) शिरलंय. चालून तापलेलं हाऊसिंग ओहोळाच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर तिथून हवा आत येते. काळ्या मातीने तो बुजला असेल तर तीच ओढ ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत खेचते. सील नवं असलं तरी हे होतं, म्हणून नुसतं सील बदलून भागत नाही. ब्रीदर अॅक्सलच्या नळीवर, वरच्या बाजूला असतो. काढा, रॉकेलमध्ये भिजवा, तारेने मोकळा करा आणि तोंडाने फुंकून बघा.

ऑइल काढताना आधी भरायचा प्लग सोडवा, मगच खालचा. भरायचा प्लग गंजून बसलेला असेल आणि खालून सगळं ऑइल सांडलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा प्लग हळूच सैल करा. सुटं पाणी तळाला बसलेलं असतं, ते आधी येतं. खालचा प्लग नसेल तर हाऊसिंगचं झाकण खालच्या बोल्टांपासून ढिलं करा. झाकण निघालंच तर तळाचा गाळ बोटांवर चोळून बघा. करडी, मऊ पेस्ट म्हणजे नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिझेल भरून गाडी फिरवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका, पिनियनच्या बेअरिंगला डिझेलचं वंगण पुरत नाही. साधं स्वस्त ईपी ९० गिअर ऑइल भरा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा आणि मग चांगलं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरा. दोन लिटर आणून ठेवा, सगळं बसणार नाही. गाडी सपाटीला उभी करून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की थांबा. उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथे जीएल-४ लागतं. बऱ्याच जीएल-५ मधल्या गंधक-फॉस्फरसच्या मिश्रणाने सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा खराब होतात.

नकलचा (पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्याचा) गोळा बंद प्रकारचा असेल तर त्याचाही प्लग उघडा. ग्रीसमध्ये पाणी असेल तर सगळं काढून नवं भरा. तिथे पातळ ऑइल सापडलं तर अॅक्सलचं आतलं सील गेलंय. हाऊसिंगची पातळी का उतरते, तेही त्यावरून कळेल.

खडूआणिटेप:
दांड्याचं बोलतो. या गाडीला पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकाच वेगाने फिरतात. चिखलात चाक घसरतं आणि फरक जिरून जातो. डांबरीवर जिरायला जागाच नाही, तो शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो. त्या पिळाने गिअरचे दात एकमेकांत आवळले जातात, मग दांडा कसा निघेल?

तुमच्याकडे त्यात टायरचीही भर आहे. मोजून बघा. चारही टायरची हवा सारखी करा, टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, चाकाचे पाच फेरे होईपर्यंत गाडी सरळ ढकला आणि अंतर टेपने मोजा. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. नुसत्या दहा मिलिमीटर झिजेने एका फेऱ्यात सुमारे सहा सेंटिमीटरचा फरक पडतो.

मागचा अॅक्सल कधी बदललाय का? दोन्हीकडचा रेशो सारखाच हवा. एक चाक उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर टू व्हीलमध्ये. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलरचे जितके फेरे होतील तोच रेशो. पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा.

हे करताना जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. हँडब्रेक प्रोपेलरवर असलेल्या जुन्या जीपचं मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. जॅकवर विसंबू नका, घोडी (स्टँड) लावा.

पंचवटी४x४:
दांडा अडकला तर हातोडी नको. सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, दांडा दोन बोटांनी निघतो. नाहीच निघाला तर गाडी कच्च्यावर उतरवून तसंच करा. पुढचं एक चाक उचलूनही पीळ सुटतो, पण सुटताना चाक झटका देतं, हात लांब ठेवा.

हरसूलरोड:
मोजलं. पाच फेऱ्यांत पुढचं ११.१२ मीटर, मागचं ११.४० मीटर. रेशो दोन्हीकडे सारखाच आला. ब्रीदर पूर्ण बुजलेला होता, सुई जाईना. प्रोपेलरच्या दोन्ही टोकांचे कान (सांध्याचा क्रॉस धरणारे फाटे) एका रेषेत दिसत नाहीत, थोडे तिरके आहेत. नाशिकच्या अंबडला शाफ्ट बॅलन्सिंगला द्यायचा का?

गिअरऑइल_९०:
आत्ताच नको. कान तिरके म्हणजे स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग जोडणाऱ्या दातांच्या खाचा) चुकीच्या दातावर बसलीय. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कान एकाच पातळीत असले तर एका टोकाची चढउतार दुसरं टोक खाऊन टाकतं. एक-दोन दात इकडेतिकडे झाले तरी थरथर येते. तुमची फ्लँज कायम जोडलेली असल्याने पुढचा प्रोपेलर टू व्हीलमध्येही फिरतो, म्हणून थरथर तिथेही जाणवते. शाफ्ट उतरवा, स्लिप जॉइंट ओढून वेगळा करा, कान जुळवा, स्प्लाइनला ग्रीस लावून परत घाला. जॉइंटवर जुने बाण असतील तर ते समोरासमोर येतील. आता पंचने स्वतःची खूण मारून ठेवा.

शाफ्ट हातात आहेच तर क्रॉसही बघा. कपाच्या कडेला लालसर पावडर दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात, ग्रीस मारून तो क्रॉस परत येणार नाही. ग्रीस मारताना चारही कपांतून बाहेर डोकावलं पाहिजे. तीनमधून आलं आणि एक कप कोरडा राहिला तर तोच आधी जातो. नवा क्रॉस बसवताना सर्कलिपची (कप अडकवून ठेवणाऱ्या रिंगेची) खाच पूर्ण दिसत नसेल तर कप ठोकू नका, आत एखादी सुई आडवी पडलेली असते. महिंद्राचा कारखाना नाशिकच्या सातपूरला असला म्हणून ५४० चा क्रॉस इथे कुठल्याही दुकानात हातोहात मिळेल असं नाही. जुना क्रॉस सोबत न्या, कपाचा व्यास आणि एका कपापासून समोरच्या कपापर्यंतची लांबी व्हर्नियरने जुळवूनच घ्या.

एवढं करूनही थरथरलं तर बॅलन्सिंग.

खडूआणिटेप:
११.१२ आणि ११.४० म्हणजे अडीच टक्के फरक. शंभर मीटर सरळ डांबरीवर फोर व्हीलमध्ये गेलात तर पुढच्या-मागच्या चाकांत एका फेऱ्याहून जास्त तफावत पडते. ट्रान्सफर केसचा यात दोष नाही.

एक नवा, एक जुना अशी जोडी एकाच अॅक्सलवर लावायचं मनात आणू नका, मग डिफरन्शियलचे आतले छोटे स्पायडर गिअर दिवसभर फिरत राहतील. पुढेही त्याच मेकचे, त्याच साइजचे दोन नवे घ्या. तोवर फोर व्हील फक्त चिखलात, वाळूत.

हरसूलरोड:
टायर पुढच्या महिन्यात घेतो. परत पाणी शिरू नये म्हणून ब्रीदरचं तोंड वर न्यायचं असेल तर कुठली नळी?

पंचवटी४x४:
८ मिमीची डिझेलची रबरी नळी. माशांच्या टाकीची प्लास्टिक नळी उन्हाने आणि सायलेन्सरच्या धगीने कडक होऊन तडकते. जुना ब्रीदर घेऊन लेथवाल्याकडे जा आणि त्याच आट्याचा निप्पल करून घ्या. नळी चॅसीवरून बोनेटच्या आत, बॅटरीच्या उंचीपर्यंत न्या. पाटा (स्प्रिंग) पूर्ण खाली लोंबतो तेव्हा अॅक्सल किती उतरतो ते जॅकवर बघून तेवढी ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात निप्पल उपटून येईल. वरचं तोंड खाली वळवून त्याला छोटा फ्युएल फिल्टर लावा. मागच्या अॅक्सललाही हेच करून टाका, आज ऑइल स्वच्छ असलं तरी.

आणि पुढच्या हबमध्ये पाणी गेलंय का तेही बघा. बेअरिंगचं ग्रीस पांढरट झालं असेल तर धुऊन नवं भरा. आतला नट चाक फिरवत फिरवत जड होईपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या, लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरचा कान वाकवा.