भाकरीचं काय होतं यापेक्षा रांगेत शेजारी कोण आहे हे महत्त्वाचं

रविवारचा उशीर

गेल्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनच्या (प्रभुभोजनाची भाकर घेण्याच्या) रांगेत माझ्यापुढे दोन सख्खे भाऊ होते. जमिनीवरून वाद, अकरा वर्षं बोलणं बंद. मध्ये एक माणूस सोडून उभे. दोघांनी ‘ख्रिस्ताचं शरीर’ ऐकलं, दोघं ‘आमेन’ म्हणाले आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडले. त्यांना नावं ठेवत नाही. मीही त्याच रांगेत होतो आणि न बोलणाऱ्यांची माझीही एक यादी आहे.

घरी येऊन बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११ काढला. प्रभुभोजनाबद्दलचा हा सर्वात जुना लिखित मजकूर, साधारण इ. स. ५५ च्या आसपासचा, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांच्याही आधीचा. पौल इथे भाकरीचं नेमकं काय होतं ते समजावत बसलेला नाही. तो चिडलाय. एक उपाशी, दुसरा झिंगलेला, आणि वर म्हणे आपण प्रभूच्या मेजाशी बसलो! हे प्रभुभोजन नव्हेच, असं तो तोंडावर सांगतो. शेवटी उपाय काय, तर एकमेकांसाठी थांबा.

आपण मात्र शतकानुशतकं ‘हे माझं शरीर आहे’ यातल्या ‘आहे’वर भांडलो. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली या दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारकांची चर्चा झाली. ल्यूथरने ते वाक्य खडूने मेजावर लिहून ठेवलं होतं. झ्विंगलीच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’. १५ पैकी १४ मुद्द्यांवर एकमत झालं आणि गाडी अडली ती नेमकी या मेजापाशी. माझं मत असं की शेजाऱ्यासाठी थांबलात का ही पौलाची परीक्षा आधी, भाकर खरंच शरीर आहे का ही ल्यूथरची नंतर.

तळटीप

तुमच्या लेखाशी साफ असहमत. तुम्ही अध्याय अर्ध्यात सोडलात. त्याच पौलाने पुढे लिहिलंय की अयोग्य रीतीने खाणारा प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरतो. नुसत्या खुणेचा असा अपराध होतो का?

योहानाच्या शुभवर्तमानाचा अध्याय ६ घ्या. ‘माझा देह खातो’ म्हणताना मूळ ग्रीकमध्ये पुढे चावून खाण्याचं धडधडीत क्रियापद येतं. ऐकणारे बिचकले, बरेच शिष्य सोडून गेले. येशूने त्यांना ‘अहो थांबा, रूपक होतं’ असं म्हटलं नाही. उलट आपल्या बारा जवळच्या शिष्यांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का?

आता माझ्या घरातलं. आई शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळलेली होती, कोणालाच ओळखत नव्हती. घरी कम्युनियन आणायचे तेव्हा पूर्ण भाकर गिळवायची नाही, म्हणून नखाएवढा तुकडा मोडून चमचाभर पाण्यातून द्यायचे. माझ्या हाकेला ओ न देणारी बाई तेवढ्यापुरते ओठ उघडायची. तिथे ना रांग होती, ना शेजारी कोणी. तुमच्या हिशेबाने तिला काय मिळालं?

साधा बाक

मी प्रोटेस्टंट, पाळकांच्या मंडळीतला. आमच्याकडे महिन्यातून एकदा, छोट्या पेल्यांत द्राक्षरस. तळटीप, योहान ६ मधलंच ६३ वं वचन वाचा: जिवंत करणारा आत्मा आहे, देहापासून काही लाभ नाही. शिवाय भाकर मोडताना येशू स्वतः सदेह तिथे बसला होता. हातातला तुकडा म्हणजे अक्षरशः याचं शरीर, असं समोरच्या कोणाला वाटलं असेल? ‘मी दार आहे’ असंही तो म्हणाला होता, तेव्हा कोणी बिजागरी शोधली नाही.

पण ‘नुसती आठवण’ म्हणून आम्हाला हिणवलं जातं तेही चूक. लूक २२ मधलं ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेची आठवण करणाऱ्या यहुदी सणाच्या मेजावरचं आहे. तिथलं स्मरण म्हणजे आल्बम चाळणं नव्हे. निर्गम १३ मध्ये बापाने मुलाला सांगायचं वाक्य दिलंय: मी मिसरातून निघालो तेव्हा परमेश्वराने *माझ्यासाठी* जे केलं त्यासाठी. पिढ्या उलटल्या तरी शब्द ‘माझ्यासाठी’च.

तळटीप

मग स्मरणाने ती घटना आज इथे हजर होते, असंच म्हणताय ना? आम्ही त्यालाच उपस्थिती म्हणतो.

साधा बाक

घटना हजर होते. भाकर बदलत नाही. फरक आहे, पुसू नका.

गव्हाशी वैर

मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन शरीराला सोसत नाही, म्हणून दोघांना एक तिसरी बाजू. कॅथलिक नियमानुसार भाकर गव्हाचीच हवी. अजिबात ग्लूटेन नसलेली चालत नाही, अगदी कमी ग्लूटेनची चालते, किंवा मग फक्त द्राक्षारसाचा प्याला. माझी वेगळी डबी असते. एकदा ती वेदीवर ठेवायचीच राहिली. मी कडेला उभी, रांग संपली, शेवटचं गीत सुरू झालं. चूक होते, राग नाही. पण ‘एकमेकांसाठी थांबा’चा अर्थ मला त्या दिवशी लागला. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, मागे वळून न बघण्याबद्दल आहे.

पाहुणा

मी ख्रिस्ती नाही. मित्राच्या लग्नाच्या मिस्सेला गेलो होतो, सगळे उठून पुढे गेले, बाकावर मी आणि दोन लहान मुलं उरलो. कोणी वाईट वागलं नाही, पण एका मेजाच्या एवढ्या गोष्टी चालल्यात म्हणून विचारतो, मला का नाही?

तळटीप

प्रश्न रास्त आहे. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की ज्याचा विश्वास आहे, बाप्तिस्मा झालाय आणि जो तसा जगतो त्यालाच यात वाटा. ‘आमेन’ म्हणजे मला हे मान्य आहे. न मानणाऱ्याच्या तोंडी ते घालणं हा त्याचाच अपमान.

रविवारचा उशीर

जस्टिन काढलातच तर तिथेच पुढे वाचा. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक वाटा पोहोचवतात, आणि जमलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके यांची सोय होते. अट आणि वाटणी एकाच श्वासात. अट आपण शब्दशः सांभाळली.

पाहुणा, परक्याची आठवण त्या यादीतही होती, एवढंच सांगू शकतो. बाकावर बसल्यावर कसं वाटतं याला तेवढं उत्तर पुरत नाही, कळतं मला.

तळटीप, तुमच्या आईबद्दल दोन दिवस विचार करतोय. शेजारी कोणी नव्हतं म्हणालात. तुम्ही होतात, आणि कोणीतरी रविवारी रांग संपल्यावर तो तुकडा घेऊन तुमच्या दारी आलं होतं. पण तिने ओठ उघडले त्याचं काय, हे माझ्या मांडणीत बसत नाही. मूळ लेखात ‘आधी’ आणि ‘नंतर’ फार सहज लिहून गेलो.

साधा बाक

मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. भावांचं राहू द्या, ती तुमची यादी म्हणत होतात ती?

रविवारचा उशीर

पहिलं नाव मेव्हण्याचं. काल फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. रविवारी रांगेत जायचं की बाकावर बसायचं, ठरलेलं नाही.