विद्यार्थी प्रतिनिधी निवडताना गुणपत्रिका पाहावी का?

चर्चाप्रस्ताव

महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका हिंसाचारामुळे बंद झाल्यानंतर, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी विद्यार्थी परिषदेवर नेमावे, अशी व्यवस्था केली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. माझ्या मते जुनी व्यवस्थाच अधिक शहाणपणाची होती. ज्याला स्वतःचा अभ्यास वेळेवर पुरा करता येतो, त्याच्यावर शेकडो मुलांच्या कामाचा भार विश्वासाने टाकता येतो. आणि गुणांवर जागा मिळणार असेल, तर पैसा, जात आणि बाहेरचे राजकीय पक्ष यांना वर्गात शिरायला वाव राहत नाही.

प्रतिसाद : एक माजी परिषद सदस्य

मी याच नियमाने परिषदेवर गेलो होतो, म्हणून विरोध नोंदवतो. वर्गात पहिला आल्याचे बक्षीस म्हणून ते पद माझ्याकडे आले. ते मी मागितले नव्हते आणि वर्गानेही दिले नव्हते.

आमचे वाचनालय सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडे असे. आम्ही सर्व गुणवंत सदस्यांनी ते रात्री आठपर्यंत चालू ठेवावे, असा रीतसर अर्ज केला. माझ्याच वर्गातला एक मुलगा, ज्याचा गणिताचा पेपर राहिला होता, दोन दिवस एस.टी. स्थानकावर बसून राहिला आणि गावोगावच्या गाड्यांच्या वेळा त्याने वहीत उतरवून आणल्या. बहुतेक मुलांची शेवटची गाडी साडेपाचला सुटत होती, तर पहिली गाडी त्यांना सातलाच महाविद्यालयात आणून सोडत होती. म्हणजे आम्ही मागत होतो ती वेळ ज्यांना गरज होती त्यांच्या उपयोगाचीच नव्हती. त्याने ती वही प्राचार्यांपुढे ठेवली आणि वाचनालय सकाळी साडेसातला उघडू लागले. परिषदेच्या बैठकीत मात्र त्याला बसायची परवानगी नव्हती. ही गोष्ट मला आजही खुपते.

प्रतिसाद : राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवृत्त कार्यक्रम अधिकारी

उदाहरण पटले, तरी निष्कर्ष पटत नाही. गुणानुक्रम आणि किमान पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने पहिला क्रमांक मागितला नव्हता. उमेदवाराची किमान ७५ टक्के उपस्थिती असावी आणि त्या वर्षी त्याचा कोणताही विषय राहिलेला नसावा, अभ्यासाबाबत एवढेच म्हटले होते. ही अट मुलाच्या संरक्षणासाठी आहे. सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम असते, शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. हौशी, कामसू मुलावर आम्ही शिक्षकच एकामागून एक जबाबदारी टाकत जातो, कारण तो नाही म्हणत नाही. मार्चमध्ये तो नापास होतो तेव्हा त्याच्यासोबत कोणी नसते. अशी मुले मी पाहिली आहेत आणि त्यातला माझा वाटाही मला ठाऊक आहे.

प्रतिसाद : कमवा आणि शिका योजनेतील विद्यार्थिनी

मॅडमच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु ७५ टक्के उपस्थिती कोणाला सहज जमते, याचाही विचार व्हावा. योजनेतले काम संपवून मी दुपारी एका दुकानात हिशेब लिहिते, तेव्हा वर्गातली शेवटची दोन व्याख्याने बुडतात. शुल्काचे हप्ते, शिष्यवृत्तीला होणारा उशीर, वसतिगृहाची अनामत हे प्रश्न आमच्यासारख्यांचे आहेत, आणि ते मांडण्याच्या जागेवरून अशी अट आम्हालाच आधी बाजूला काढते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

वर्गात पहिला येण्याची अट मी मागे घेतो. वहीची हकिगत वाचल्यावर तिचे समर्थन करणे मला शक्य नाही. उपस्थितीबाबत, कामाचा दाखला देणाऱ्यांना सवलत असावी, हेही मान्य. विषय राहिलेला नसावा ही अट मात्र मी सोडणार नाही.

प्रतिसाद : एक माजी परिषद सदस्य

मग निवडणूक पुरवणी परीक्षेच्या निकालानंतर घ्यावी, इतकी भर तरी तिच्यात घाला. माझ्या मित्राचा गणिताचा पेपर पुढच्याच खेपेला सुटला होता. तोपर्यंत त्या वर्षीची परिषद नेमून झाली होती.