जॉन विकला त्या पायरीवरून आता उठवू नका

धरमपेठकर :
शेवट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं मांडता येणार नाही. ज्यांनी 'जॉन विक : चॅप्टर 4' पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या, मग वाचा.

मार्च 2023 मध्ये आम्ही तिघं मित्र रात्रीच्या शोला गेलो होतो. 169 मिनिटांचा सिनेमा. सुटला तेव्हा दीड वाजून गेला होता आणि पार्किंगमध्ये कोणी गाडी चालू करायलाच तयार नव्हतं. जो मारेकरी, जॉन विक, कधी मरेल असं वाटलंच नव्हतं, तो पॅरिसच्या साक्रे-कर चर्चसमोर, ऊन अंगावर येत असताना पायरीवर बसला, बायकोची आठवण काढली आणि कलंडला. पुढच्याच दृश्यात हेलनच्या कबरीशेजारी त्याची कबर. दगडावर कोरलंय, 'प्रेमळ पती'. एवढे मुडदे पाडलेल्या माणसाला आपली ओळख म्हणून तेवढंच हवं होतं.

त्याच्या आधीचं द्वंद्व आठवा. समोर केन, म्हणजे डॉनी येन. आंधळा, जुना मित्र, मुलीच्या जिवासाठी खलनायक मार्क्वीसच्या दावणीला बांधलेला, म्हणून त्याच्या वतीनं उभा. तीस पावलं, मग वीस, मग दहा. शेवटच्या फेरीत केनची गोळी जॉनला लागते. मार्क्वीसला वाटतं खेळ संपला, म्हणून तो केनचं पिस्तूल घेऊन स्वतः शेवटचा घाव घालायला पुढे येतो. तेव्हा कळतं की जॉननं त्या फेरीत चाप ओढलेलाच नाही! 2014 पासून ज्याचा हात कधी थांबला नाही, तो एकदाच थांबला. केन आणि त्याची मुलगी सुटली, मार्क्वीस मेला, आणि जॉनही सुटला. यापुढे सांगण्यासारखं काय उरतं?

आता एप्रिल 2025 मध्ये हे सिनेमे काढणाऱ्या लायन्सगेट कंपनीनं जाहीर केलंय की पाचवा भाग येणार आणि त्यात जॉन म्हणून केआनू रीव्हजच असणार. मला ही गोष्ट मनापासून लागली. याच मालिकेतल्या 'बॅलेरिना' सिनेमात जॉन दिसला त्याबद्दल तक्रार नाही, ती कथा तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधली आहे. मागे जाऊन सांगा, हवं तितकं सांगा. पण कबर उकरू नका.

महालवाला :
दादा, तुमचं दुःख समजते, पण मले हे पटत नाही. प्रेत दाखवलं का? नाही ना. पायरीवर पडला, मग एकदम कबर. दिग्दर्शकानं दार उघडं ठेवलं आहे अन् तुम्ही त्याले कुलूप लावून राहिले.

अन् मेलेला नायक परत येणं ही काही आजची गोष्ट आहे का? शेरलॉक होम्सले कॉनन डॉयलनं 1893 मध्ये कड्यावरून ढकललं, 1903 मध्ये परत आणलं. लोक चिडले का? उलट दिवाळी झाली त्यायची. माझे आजोबा महालातल्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार अन् काळा पहाड आणायचे, एका दिवसात एक पुस्तक. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. आजोबा कधी म्हणाले नाही की बाबूराव, आता पुरे. ते म्हणायचे, पुढचं कधी येते? मालिका आवडणारा वाचक असाच राहते. आपला माणूस आपल्याले दरवर्षी भेटला पाहिजे, बस.

सदरवासी :
मी तिसरंच म्हणणार आहे, दोघांनीही राग मानू नये. पाचव्याचा वाद फार उशिरा चाललाय. जॉन विक माझ्यासाठी दुसऱ्या भागापासूनच हातातून निसटत गेला.

पहिला सिनेमा 101 मिनिटांचा. बायको आजारानं जाते आणि तिच्या अंत्यविधीच्या संध्याकाळी तिनं आधीच सांगून ठेवलेलं कुत्र्याचं पिल्लू दारात येतं, सोबत तिची चिठ्ठी. माझी आई गेली तेव्हा गॅलरीत तिनं लावलेला मोगरा होता. बाबांनी आयुष्यात कुंडीला पाणी घातलं नव्हतं, पण त्या मे महिन्यात ते दोन वेळा उठून त्याला पाणी घालायचे आणि दुपारी जुनी साडी बांधून सावली करायचे. कोणी ती कुंडी फोडली असती तर बाबांनी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. म्हणून गुंडांनी ते पिल्लू मारल्यावर जॉन जे करतो ते मला आतून कळलं.

मग आला बंदुकीची गोळी अडवणारा कोट. तिसऱ्या भागाच्या शेवटी हॉटेलच्या गच्चीवरून खाली पडून वाचला. चौथ्यात पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ कमानीभोवती गाड्या उडवतात तरी उभा राहतो. ज्याला काही होतच नाही त्याच्या मरणाचं मला काय वाटणार? धरमपेठकर, तुम्हाला रडू आलं असेल, मी मात्र घड्याळ पाहत होते.

अजनीचा ज्युदोवाला :
ताई, 'काही होतच नाही' हे मी मान्य करणार नाही. मी वीस वर्षं मुलांना ज्युदो शिकवतो. आमच्याकडे पहिले काही महिने फक्त पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आपटून मार वाटून घ्यायचा. मॅटवर हे जमतं. दगडी पायरीला धार असते, तिथे प्रत्येक पायरी वेगळी लागते. साक्रे-करकडे चढणाऱ्या, मोंमार्त्रच्या त्या 222 पायऱ्यांवरची लोळण केआनूच्या जागी एका फ्रेंच स्टंटमॅननं घेतली आहे. ती पाहताना मी त्याची मान पाहत होतो. पडून पडून शिकलेला माणूस आहे तो.

आणि लढाई कशी टिपली आहे तेही पाहा. कॅमेरा लांब उभा, तुकडे कमी, पकड कुठे घेतली, तोल कुठे गेला, सगळं दिसतं. कारण दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमॅन, 'द मेट्रिक्स'मध्ये केआनूच्याच जागी मार खाल्लेला. 2028 च्या सोहळ्यापासून ऑस्करमध्ये स्टंट डिझाइनला पारितोषिक मिळणार आहे. त्या लोकांना मान मिळायला इतकी वर्षं लागली, त्यात या सिनेमांचा वाटा मोठा आहे. पाचवा भाग आला तर त्यांच्या हाताला काम आणि नावाला उजेड मिळेल. मी नक्की जाणार.

धरमपेठकर :
ज्युदोवाले दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण तुम्ही ज्या पायऱ्यांचं सांगितलं, माझा मुद्दा त्यांच्यावरच उभा आहे.

सदरवासी ताई, तुम्ही कधी अंबाळ्याकडून रामटेकच्या गडावर पायऱ्या चढून गेला आहात? मी दोन वर्षांपूर्वी उन्हात गेलो होतो. निम्म्यावर पोटऱ्या थरथरायला लागल्या, एका पायरीवर बसलो, रुमाल पिळला, आणि वर पाहिलं तर मंदिर होतं तिथेच. त्या क्षणी मला कोणी खाली ढकलून 'पुन्हा चढ' म्हटलं असतं तर मी तिथेच हात जोडले असते. जॉन जवळजवळ वर पोचतो आणि त्याला लाथ बसते. घरंगळत थेट पहिल्या पायरीपर्यंत. द्वंद्वाची वेळ सूर्योदयाची, आणि त्याला मिनिटं उरलेली. तो उठतो, तेही केन हात देतो म्हणून. शरीर संपलंय हे मला तिथे दिसलं. कोट गोळी अडवतो, थकवा कसा अडवणार? तो वर चढला तोच मरण्यासाठी. पाचव्यात त्याला ठणठणीत उभा केला तर त्या दोन्ही चढायांना काय अर्थ राहील?

महालवाला, होम्सचं उदाहरण इथे लागू पडत नाही. होम्स कड्यावरून गेला तेव्हा त्याचं काम अर्धवट राहिलं होतं. जॉनचं पूर्ण झालं.

महालवाला :
पूर्ण झालं हे तुम्ही ठरवलं. पहिल्या भागाचा जगभरातला धंदा नऊ कोटी डॉलरच्या आत, चौथ्याचा 43 कोटींच्या वर. एवढे लोक उगाच आले का? त्यायले जॉन पाहिजे.

धरमपेठकर :
लोकांना हवं म्हणून आणताहेत, तेच मला खटकतंय. त्यांना ते जगच हवं असेल तर केनचा स्वतंत्र सिनेमा येतोय, डॉनी येनच दिग्दर्शन करणार आहे. केन जिवंत आहे, त्यानं बापाला मारलं त्याचा सूड घ्यायला अकीरा चाकू घेऊन निघालेली आहे. तिथे कथा शिल्लक आहे.

सदरवासी :
रामटेकचं वाचून ते दृश्य काल पुन्हा पाहिलं. केन हात देतो तिथे थांबवून पाहिलं. घड्याळ पाहत होते हे खरं, पण तुम्ही सांगितलेला थकवा दिसला मला. आणि कुत्र्याचा प्रसंग मी विसरलेच होते, जॉन त्याचा पाठलाग करणाऱ्या माणसाच्या कुत्र्याला वाचवतो आणि तिथून तो माणूस बदलतो. पहिल्या भागातलं पिल्लू तिथवर आलेलं आहे.

अजून एक. हॉटेलच्या काउंटरमागे शांतपणे उभा राहणारा शॅरन चौथ्याच्या सुरुवातीलाच मारला जातो. ते काम करणारा लान्स रेडिक 17 मार्च 2023 ला गेला, अमेरिकेत सिनेमा लागायच्या बरोबर आठवडाभर आधी. जॉन उठून परत त्या दारातून आत आला तरी समोर शॅरन नसणार. महालवाला भाऊ, तुम्ही पाचव्याला जाल तेव्हा त्या काउंटरकडे बघाल ना?

महालवाला :
बघीन ताई. त्याच्याबद्दल माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.