बीएमएस करताना स्पॅनिश: पुढे नेऊ की इथेच थांबवू?

सई_कल्याण:
नमस्कार मंडळी. मी बीएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज चर्नी रोडला, घर कल्याणला. पहिल्या वर्षी कॉलेजात स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स होता. सहज घेतला आणि भाषेची गोडीच लागली. ए1 म्हणजे सगळ्यात पहिली पातळी झालीय, पुढची ए2 चालू आहे, लोकलमध्ये उभ्याउभ्या क्रियापदं पाठ करते. बाबांचं म्हणणं, "तेवढ्या वेळात फायनान्सची एखादी परीक्षा दे. कल्याणात स्पॅनिश बोलायला कोण भेटणार आहे तुला?" फी तेच भरतात, त्यामुळे त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. मुंबईत राहून बिझनेसच्या विद्यार्थ्याला स्पॅनिशचा खरा उपयोग कुठे होतो? सर्टिफिकेट कोणतं घ्यावं? आणि आमच्या वर्गात संस्कृती म्हणून फ्लामेन्को आणि टोमॅटोंचा सण दाखवतात. मला आवडतं ते, पण धंद्याच्या दृष्टीने काय शिकावं?

पार्ल्याचा_अकाउंटंट:
बाबांचं ऐक असं माझं स्पष्ट मत. भाषा छंद म्हणून चालू ठेव, पण फायनान्स, जीएसटी, एक्सेल पक्कं कर. नोकरी त्यावर लागते.

एक्स्पोर्ट_डेस्क_अंधेरी:
सई, मी एका औषध कंपनीत लॅटिन अमेरिकेचं रजिस्ट्रेशन आणि निर्यातीचे कागद बघते. बी.कॉम. करता करता स्पॅनिश शिकले आणि आज माझं घर त्यावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांचा प्रश्न. कल्याणात बोलायला कोणी भेटणार नाही, खरं आहे. पण इथल्या कंपन्यांची औषधं मेक्सिको, कोलंबिया, पेरूला जातात. तिथे विकायचं तर त्या त्या देशाच्या सरकारी औषध खात्याची मंजुरी लागते. मेक्सिकोत कोफेप्रिस, कोलंबियात इन्विमा, अर्जेंटिनात आन्मात. त्यांची पत्रं स्पॅनिशमध्ये येतात, उत्तरंही स्पॅनिशमध्येच जातात, खोक्यावरचा मजकूरही तसाच. भाषांतर बाहेरून करून घेता येतं, हल्ली मशीनही करून देतं. पण खात्याची हरकत स्टॅबिलिटीच्या (औषध किती काळ टिकतं त्याच्या) आकड्यांवर आहे की फक्त कारखान्याच्या पत्त्यात फरक दिसतोय एवढीच, हे मूळ पत्र वाचून पाच मिनिटांत सांगणारं माणूस ऑफिसात लागतं. पगार त्या माणसाला मिळतो.

आणि फक्त औषधं नाहीत. मुंबईच्या यूपीएलने 2019 मध्ये अरिस्टा ही कीटकनाशकांची कंपनी घेतली, तिचा लॅटिन अमेरिकेत मोठा पसारा होता. टीसीएस 2002 पासून उरुग्वेत आहे. हीरोच्या मोटरसायकली कोलंबियात जोडल्या जातात. उलट दिशेने बघ: आपल्याकडे येणाऱ्या कच्च्या सोयाबीन तेलात अर्जेंटिनाचा वाटा मोठा आहे, त्यातलं बरंच पाराना नदीवरच्या रोसारिओच्या आसपासच्या बंदरांतून निघतं. स्पेनचं म्हणशील तर कपड्यांची झारा 2010 मध्ये टाटांच्या ट्रेन्टला धरून भारतात आली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये वडोदऱ्याला सी-295 या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, टाटा आणि एअरबस स्पेनचा.

वरच्या दादांशी मी अर्धी सहमत आहे. नुसत्या स्पॅनिशवर भाषांतराची किरकोळ कामं मिळतात. स्पॅनिश अधिक एलसी (बँकेची पैशांची हमी), एफओबी-सीआयएफ (भाडं आणि विमा कोणी भरायचा ते ठरवणाऱ्या अटी), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याचा कागद) अशी सांगड घातलीस तर तुझ्या जागेवर दुसरं माणूस शोधायला एचआरला घाम फुटतो. त्यामुळे एक्सेल सोडू नकोस आणि स्पॅनिशही सोडू नकोस.

आता संस्कृती. फ्लामेन्को जरूर बघ. कामाला मात्र आकडे आधी लागतात. स्पेन, अर्जेंटिना, चिली, कोलंबियात हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. 1.250,50 म्हणजे आपले एक हजार दोनशे पन्नास आणि वर पन्नास सेंट. मेक्सिकोत मात्र आपल्यासारखंच लिहितात. बोगोटा आणि मेक्सिको सिटी, दोन्हीकडचे दर एका शीटमध्ये आले की मी सगळ्यात आधी हे तपासते. दुसरं, इंग्रजीतलं बिलियन म्हणजे 100 कोटी, पण स्पॅनिशमधलं "बियोन" म्हणजे एक लाख कोटी. 100 कोटींना ते "मिल मियोनेस" म्हणतात. कोलंबियाच्या पेसोंमध्ये आकडे एवढे मोठे होतात की हा शब्द खरोखर समोर येतो.

मग नावं. तिकडे दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. कार्लोस रामिरेस ओर्तेगा असेल तर पत्रात "सेन्योर रामिरेस" लिहायचं. सगळ्यात शेवटचा शब्द म्हणजे आडनाव ही आपली सवय तिथे उपयोगाची नाही. आपल्या मधल्या नावाचंही तसंच. सई सुनील पाटील लिहिलंस तर सुनील हे तुझं पहिलं आडनाव धरतील आणि "सेन्योरिता सुनील" म्हणून मेल येईल. व्हिजिटिंग कार्डावर मधलं नाव घालूच नकोस.

मेक्सिकोत पदवीने हाक मारतात, "लिसेन्सियादा" म्हणजे पदवीधर बाई, "इन्खेनिएरो" म्हणजे इंजिनिअर. इंजिनिअर माणसाला पहिल्या मेलमध्ये तसं लिहिलं की पुढचं बोलणं सोपं होतं. "उस्तेद" म्हणजे आपलं "तुम्ही". समोरची व्यक्ती स्वतःहून "तू"वर येईपर्यंत ते सोडायचं नाही. आणि फोन लावल्या लावल्या पेमेंटचं विचारू नकोस. घरचे कसे आहेत, रविवारची मॅच काय झाली, हे आधी. हा वेळ वाया जात नाही, थकलेलं बिल वसूल करताना तो कामी येतो. माझा अनुभव पक्का आहे.

एक व्यावहारिक गोष्ट कोणी सांगत नाही. मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. कॉल संपेपर्यंत दहा, मग अंधेरीहून दादर, दादरहून कल्याण. मुलाखतीतच विचार, संध्याकाळचे कॉल घरून घेता येतील का म्हणून. बाबांनाही हे आधीच सांग, नंतर नको.

दादर_स्पॅनिश_शिक्षिका:
सर्टिफिकेटबद्दल मी सांगते. "डेले" ही स्पॅनिशची परीक्षा दे. स्पेन सरकारची भाषासंस्था इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ती घेते, ए1 ते सी2 प्रत्येक पातळीची परीक्षा वेगळी, आणि डिप्लोमाला मुदत नाही. "सिएले" ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, पण त्याचा निकाल पाच वर्षंच चालतो. ए1-ए2 च्या परीक्षांवर पैसे घालवू नकोस, थेट बी1 दे आणि नोकरीसाठी बी2 चं लक्ष्य ठेव. केंद्रं आणि तारखा सेर्व्हान्तेसच्या साइटवर बघ.

आणि मराठीचा फायदा करून घे गं! इंग्रजी माध्यमातली मुलं "मे गुस्ता"ला, म्हणजे "मला आवडतं"ला, अडखळतात. "मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात", क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, तसंच "मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस". मराठीतून विचार केलास तर हा धडा आयता येतो. त आणि द सुद्धा आपलेच, दाताला जीभ लावून. मेहनत करावी लागेल ती "सेर" आणि "एस्तार"वर. आपल्या एका "आहे"ची तिथे दोन क्रियापदं होतात.

सई_कल्याण:
ताई, बाई, दोघींचे खूप खूप आभार. हा धागा आज रात्री बाबांना वाचून दाखवणार आहे. एकच विचारते: मे महिन्याच्या सुट्टीत इंटर्नशिप मिळाली नाही तर घरबसल्या काय करू?

एक्स्पोर्ट_डेस्क_अंधेरी:
एक माल आणि एक देश निवड. समजा कोलंबियाला जाणारी तयार औषधं, एचएस कोड (जगभर चालणारा मालाचा कस्टम्स क्रमांक) 3004. वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर निर्यातीचे आकडे मोफत मिळतात, गेल्या काही वर्षांचे काढ. मग इन्विमाच्या साइटवर जाऊन नोंदणीला काय कागद लागतात ते स्पॅनिशमध्येच वाच आणि मराठीत दोन पानांची टिपणी कर. रोज एखादी बातमी मेक्सिकोच्या "एल एकोनोमिस्ता"मधून वाच, शब्द आपोआप जमतील. टिपणी झाली की मला मेसेज कर. मी तपासून देते, आणि आमच्याकडे जागा निघाली तर तीच टिपणी साहेबांपुढे ठेवते.