ओसरी, अंगण आणि चैत्रातली संध्याकाळ: तुमच्या आठवणी लिहा

गुलबक्षी
काल संध्याकाळी भाजी घेऊन येताना कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली फोन घ्यायला थांबले. डोक्यावर, पिशवीत, सगळीकडं तो बारीक पांढरा फुलोरा पडला. घरी येऊन मेथी निवडायला घेतली तर मेथीतही फुलोरा, आणि तो वास. तशीच बसून राहिले. नवरा म्हणाला काय झालं, तर सांगता येईना.

आजोळ सेलूचं. चार खणाची ओसरी, खाली शहाबादी फरशी, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दोन पायऱ्या उतरलं की अंगण, मधोमध तुळस, कोपऱ्यात असाच लिंब. चैत्रात आजी सकाळी अंगण झाडायची. खराटा पुढं सरकला की मागं पुन्हा फुलोरा. कधी वैतागली नाही. "पडू दे, लिंबानं सडा घातलाय," म्हणायची. न्हाणीचं पाणी पाटानं केळीला, तिथून कर्दळीला, उरलंसुरलं मोगऱ्याला. दुपारी ओसरीला भिजवलेल्या पोत्यांचे पडदे. साडेपाचला फरशीवर दोन बादल्या पाणी मारलं की आधी गरम वाफ यायची, मग पायाला गार लागायचं. बाजा बाहेर निघायच्या. आजी मला केळीच्या सोपाच्या धाग्यात कळ्या ओवायला बसवायची. कळीच घ्यायची, उमललेलं फूल नाही, रात्री डोक्यात उमलू दे म्हणायची.

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. घर मामांनी मागच्या साली विकलं. ज्यांची ओसरी होती, आहे, त्यांनी लिहा. दोन ओळी लिहा, पण लिहा. मला वाचायचंय.

सईची आई
वाचलं गं. कुकर लावून येते, माझ्याकडं खूप आहे लिहायला.

देगलूरकर
आमच्याकडं पाडव्याला लिंबाचा फुलोराच लागतो, नुसता पाला चालत नाही. शेजारी तेलुगू घर होतं, त्यांची उगादी. त्यांच्याकडून पच्चडी यायची, फुलोरा, कैरी, चिंच, गूळ घातलेली. आमच्याकडून साखरगाठी जायच्या. आई पहाटे अंगणात लिंबाखाली धुतलेलं लुगडं अंथरून ठेवायची. उजाडेपर्यंत त्यावर ओंजळभर फुलोरा जमायचा. तोडलेला नको, पडलेला पाहिजे, असा तिचा नेम.

बीडचा बाप्पा
बाजेचं लिहिलं म्हणून आठवलं. आमची बाज नवारीची नव्हती, सुंभाची. नवी विणली की अंगावर वळ उठायचे. आजोबा आंबाडीचा वाख काढून स्वतः सुंभ वळायचे. आता आंबाडीची भाजी मिळती, सुंभ वळणारा मिळत नाही.

उंबरठा
पुण्यात वाढलेय, सासर परभणीचं. चार खण म्हणजे नक्की किती? सासूबाई सारखं म्हणतात, विचारायची लाज वाटते.

माळवद
उंबरठा ताई, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर फुटात नाही, खणात मोजायचे. माप गावोगाव थोडं वेगळं असतंय. तुळया, त्यांवर किलचा म्हणजे बारीक लाकडं, त्यांवर पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतोय तो या थरामुळं. पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी टाकायची, जुन्या गढीची माती त्याला चांगली. वडील आणि मी डोक्यावर पाट्या वाहून टाकायचो. मे महिन्यात, चपला न घालता. वडील म्हणायचे, पायाला कळलं पाहिजे कुठं पोकळ हाय.

सासूबाईंना विचारा हो. त्यांना सांगायला आवडेल.

उंबरठा
विचारलं. दीड तास झाला, अजून सांगतायत. आता त्यांच्या माहेरच्या ढाळजेपर्यंत, म्हणजे वाड्याच्या दाराजवळच्या बैठकीपर्यंत, आलोय. 🙏

पैठणची लेक
आमची ओसरी फाल्गुनात आमची नसायचीच. नाथषष्ठीला दिंड्या यायच्या. फाल्गुन वद्य षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंत ओसरीत, अंगणात, परसात पाय ठेवायला जागा नाही. एकच दिंडी दर साली आमच्याकडं उतरायची, पंजोबांपासून. आई आठ दिवस आधी सारवायला घ्यायची. ओट्याच्या कडेनं जाई आणि मोगरा होता, पण त्या दिवसांत एक कळी घरात यायची नाही, सगळ्या नाथांच्या समाधीला.

त्या दिंडीत एक म्हातारी होती, आम्ही तिला गेवराईची मावशी म्हणायचो. पहाटे तीनला उठून गोदावरीवर आंघोळ करून यायची आणि पहिल्यांदा तुळशीला पाणी घालायची. आई म्हणायची, मावशी, पाहुण्यानं पाणी घालू नये. ती म्हणायची, पाहुणी तू, मी तर दर साली येते. एकदा जाताना मोगऱ्याची फांदी ओल्या चिंधीत गुंडाळून घेऊन गेली. पुढच्या षष्ठीला पदराच्या गाठीतून चार कळ्या काढून आईच्या हातावर ठेवल्या. सुकून तपकिरी झालेल्या. "तुझ्याच हायत," म्हणली. आईनं त्या देवघरात ठेवल्या होत्या, आई होती तोवर.

आता ओसरीच्या जागी दोन दुकानांचे गाळे आहेत. दिंडी अजून येते, गच्चीवर उतरते. मावशी नाही.

गुलबक्षी
पैठणताई, ऑफिसात वाचलं. उठून बाहेर जाऊन आले.

सईची आई
आले. लिहायचं होतं वाळवणाचं, पण वरचं वाचून थांबले जरा.

तर, कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. पहाटे चारला अंगणातल्या चुलीवर चीक शिजायचा आणि आम्ही वाट्या घेऊन ओसरीच्या पायरीवर रांगेत. गरम चीक, त्यात दूध-साखर नाहीतर तेल-मीठ. मग बाजेवर धुतलेलं धोतर, त्यावर कुरडया. राखणीला मी, हातात काठी. कावळ्यांपेक्षा चुलत भाऊच जास्त यायचे. दुपारपर्यंत अर्ध्या ओल्या कुरडया पोटात. काकू मोजायची नाही, पण तिला बरोबर माहीत असायचं.

मोगऱ्याच्या वासात शिजलेल्या चिकाचा वास मिसळला की मला तो चैत्र वाटतो. बाकी कुठलाच नाही.

जालना रोड
खारोड्या कुणीच नाही म्हणालं!! बाजरीच्या, लसूण-तीळ घातलेल्या. कच्च्या शेंगदाण्यासोबत खा.

सईची आई
खारोड्या आहेतच, स्वतंत्र लिहावं लागेल. आंबट ताकात बाजरी भिजवता की नुसत्या पाण्यात?

जालना रोड
आई ताकात, बायको पाण्यात. मी दोन्ही खातो.

मेंदीचं कुंपण
आमच्या नानीच्या घराला भिंत नव्हती, मेंदीचं कुंपण होतं. औरंगाबादच्या जुन्या शहरात, खाम नदीच्या अलीकडं. सहनमधी, म्हणजे अंगणात, डाळिंबाची दोन झाडं, एक रामफळ आणि मटक्यावर मटका ठेवलेला. मेंदीला बारीक फुलं यायची, त्याचा वास तुम्हाला सांगता येणार नाही, ते ज्यानं घेतला त्यालाच. या दोनतीन सालांत रमजान थंडी सरता सरता आला तर मला सारखं तिचंच अंगण आठवलं. इफ्तारच्या आधी नानी पाणी मारून चटई टाकायची, दस्तरखान अंथरायची, आणि शेजारच्या काकूंना भिंतीवरून, म्हणजे कुंपणावरून, खजूर द्यायची. काकूंकडून पाडव्याला आंब्याची डाळ यायची. चांदरातीला अख्खी गल्ली आमच्या कुंपणाची पानं न्यायला. सकाळी कुंपण अर्धं.

पैठणची लेक
मेंदीच्या फुलांचा वास! आमच्याकडं मळ्याच्या बांधाला होती. कितीतरी वर्षांनी आठवला. तुमच्या नानींना माझा नमस्कार.

औसेकर
लिहू का नको करत होतो.

आजीचं गाव औसा तालुक्यात. दगड-मातीच्या भिंती, दोन हात रुंद, वर माळवद. वर माळवद भाऊंनी लिहिलं ते सगळं खरं, गारवा तसाच होता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंपात तेच अंगावर आलं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. आजीला उकडायलं म्हणून तिनं अंगणात बाज टाकली होती, म्हणून ती राहिली. घरात मोठे काका, काकू आणि दोन पोरं होती. मी नऊ वर्षांचा, लातूरला होतो.

नवं गाव दूर वसवलं. प्लॉट मोठे, घरं लांब लांब. आजीला सिमेंटच्या घरात झोप येईना. स्लॅबकडं बघत बसायची. मग वडलांनी दारापुढं पत्र्याचं छप्पर काढलं, त्याला ती ओसरीच म्हणायची. शेवटपर्यंत तिथंच झोपली, थंडीतसुद्धा.

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात ती हट्टानं जुन्या गावात गेली. मी बरोबर होतो. ढिगाऱ्यात आमचं अंगण तिला सापडलं ते लिंबावरून. लिंब उभा होता, फुलोरा आलेला. तिथं गुलबक्षीचं काळं बी पडलं होतं, मिऱ्यावानी. काकूनं लावलेली गुलबक्षी. आजीनं वेचून पदरात बांधलं, एक शब्द बोलली नाही. नव्या ओसरीच्या कडेनं ती गुलबक्षी लागली. सांडपाण्यावर जगायची. रोज संध्याकाळी फुलं उमलली की आजी म्हणायची, "सूनबाई आल्या."

आजी २००६ ला गेली. गुलबक्षी आहे. धागा काढणाऱ्या ताईंचं नाव बघितलं म्हणून लिहिलं.

गुलबक्षी
दादा.

माळवद
औसेकर दादा, मी माळवदाचं कौतुक लिहिलं आणि तुम्ही ते वाचलं. लई वाईट वाटायलंय. माफ करा.

औसेकर
नाही हो. गारवा होता ना. तेही लिहायलाच पाहिजे.

बीडचा बाप्पा
🙏🙏

रिकामी कुंडी
मला थोडं बी मिळेल का दादा? पोस्टाचा खर्च देते. माझं लातूरलाच घर आहे, घ्यायला पण येऊ शकते.

औसेकर
या की. पैसे कशाचे. पाऊस पडल्यावर लावा, तोवर कोरड्या डब्यात ठेवा.

रिकामी कुंडी
येते रविवारी. माझं नाव असं का ते सांगते. २०१६ ला लातूरची बाग गेली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं, पहिल्या गाडीला पाण्याच्या १० वाघिणी (डबे) होत्या, बघायला गर्दी. घरात प्यायला हंडे मोजून, तिथं झाडाला कुठलं. चौदा कुंड्या होत्या पोर्चमध्ये. सासऱ्यांनी लावलेली जाई वाळली, ती आधी गेली. मी तांदळाचं, डाळीचं धुतलेलं पाणी एका मोगऱ्याला आणि तुळशीला घालायचे. बाकीच्यांसमोरून जाताना खाली मान घालून जायचे. मोगऱ्याला त्या सालीही सात कळ्या आल्या. मोजल्या होत्या. सासऱ्यांच्या फोटोला घातल्या. रिकाम्या कुंड्या टाकल्या नाहीत, माती तशीच ठेवली.

नांदेडची काकू
लेकरांनो काय काय लिहायलात. डोळ्याला पदर लागला.
माझं एक काम होतं. माझ्या मोगऱ्याला पानंच पानं, कळी नाही. चार वर्षं झाली. कुणी सांगा.

मळ्यातला
काकू, ऊन किती तास येतं?

नांदेडची काकू
सकाळचं. दहापर्यंत.

मळ्यातला
कमी पडतंय. पाच-सहा तास तरी पाहिजे. कुंडी पायरीवर सरकवा. आणि छाटता का? मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येती, जुन्या काडीवर नाही. जानेवारीत पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं उतरवायची, मग छाटून शेणखत आणि भरपूर पाणी. बहार धरायचा तो असा. आता उशीर झालाय, तरी शेंडे खुडा, एक बार फुलं येऊन गेली की परत हलकी छाटणी. युरिया टाकू नका, त्यानंच पानं माजतात.

नांदेडची काकू
युरियाच टाकायले होते मी! नातवानं आणून दिला.

मळ्यातला
बंद करा. नातवाला कुंडी उचलायला लावा.

किनवटकर
आमच्याकडं सगळा पळस. फाल्गुनात पान नाही, नुसता फुलांनी लाल. ओसरीत फुलांची रास, रात्री घंगाळात भिजत घालायची, धुळवडीला केशरी पाणी. आईच्या पांढऱ्या लुगड्यावर तो रंग राहायचा. ते लुगडं माझ्याकडं आहे.

उंबरठा
सासूबाई म्हणतायत, मधुमालतीचं कुणी लिहिलं नाही, तू लिही. त्यांच्या माहेरी ढाळजेच्या दारावर चढवलेली होती. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. लहानपणी त्यांना वाटायचं एका वेलाला तीन जातीची फुलं येतात. त्यांच्या वडिलांनी एका फुलाला दोरा बांधून दिला आणि रोज येऊन बघ म्हणाले. तिसऱ्या दिवशी दोरा लाल फुलाला. हे त्यांनी मला आज सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली माझ्या, आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. आता दोघी पोर्चमध्ये बसलोय, त्या सांगतायत, मी टाइप करतेय. पोर्चला ओसरी म्हण म्हणतायत.

सईची आई
त्यांना सांगा, आम्ही सगळे वाचतोय. अजून लिहा.

गुलबक्षी
किती लिहिलंत. मामांना फोन केला मघाशी, पहिल्यांदाच घराचं बोललो आम्ही. ज्यांनी घेतलं त्यांनी लिंब ठेवलाय म्हणाले. उन्हाळ्यात जाऊन येणार, बाहेरूनच बघेन.

काकू, मोगऱ्याला कळी आली की इथं कळवा.

नांदेडची काकू
कळवते गं. कुंडी पायरीवर आली. नळ आले, पळते.