अलास्का क्रूझ, आर१० आणि लेन्सांचा गोंधळ

पुणेरी_शटर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबांना घेऊन ताईकडे सिॲटलला चाललोय, तिथून सगळे मिळून सात रात्रींची अलास्का क्रूझ आहे. जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि येताना व्हिक्टोरिया. जुनोला व्हेल दाखवणारी छोटी बोट आणि स्कॅगवेला ती डोंगरातली ट्रेन, एवढं बुक झालंय.

माझ्याकडे कॅनन आर१० कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली १८-१५० लेन्स, एक ५० एफ १.८ आणि एक १०-१८ (आकडे एमएममध्ये, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ दिसतं). अडलंय ते लांबच्या लेन्सवर. मित्र त्याची टॅमरॉन १५०-६०० द्यायला तयार आहे, फुकटात, अडॅप्टरसकट, पण ती जवळजवळ दोन किलोची आहे आणि केबिन बॅगेत आधीच आईची औषधं, बाबांचे कागद आणि ताईसाठी भाजणी. दुसरा पर्याय आरएफ १००-४०० विकत घेणं, पण ती एफ ५.६-८ म्हणजे अंधारी (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), आणि तिकडे म्हणे सारखं ढगाळ असतं. बायकोचं मत, फोन ने आणि गप्प बस. ट्रायपॉड न्यायचा का? आणि जमलं तर नॉर्दर्न लाइट्सपण काढायचेत, त्यासाठी सिग्मा १६ एफ १.४ घ्यावी असा एक किडा डोक्यात वळवळतोय. जाणकारांनी सांगा, काय नेऊ आणि काय घरी ठेवू.

घाटवाट्या

वहिनींना +१. विषय संपला. (ह. घ्या.)

बे_एरियावाली

आधी किडा मारून टाकते. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आधी उगवतो, मधल्या वेळातही नीट काळोख पडत नाही, मग नॉर्दर्न लाइट्स दिसणार कुठून? त्यासाठी सप्टेंबरात जावं लागतं, तेही आकाश मोकळं मिळालं तर. सिग्माचे पैसे वाचले, ते व्हेलच्या बोटीवर चढवा.

ट्रायपॉड घरीच ठेवा. इंजिनाची थरथर सगळ्या जहाजात असते, डेकवर ट्रायपॉड लावला की ती सरळ कॅमेऱ्यात येते. कठड्यावर कोपरं टेकवली तरी तेच. हात अंगाशी धरून उभं राहायचं, बाकी लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बघून घेईल. तसंही एवढ्या उजेडात तुम्हाला लांब एक्स्पोजर कशाला लागणार आहे.

अवांतर: व्हिक्टोरिया कॅनडात येतं. आईबाबांच्या आणि तुमच्या पासपोर्टवर कॅनडाच्या व्हिसाचं काय ते बघितलंत ना? सिॲटलहून सुटणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजांना मधे एका परदेशी बंदराला लागावंच लागतं, १८८६चा कायदा आहे तो, त्यामुळे तो थांबा टळत नाही. लेन्सच्या आधी हे उरका.

पुणेरी_शटर

व्हिसाचे अर्ज ताईने भरून घेतलेत, धन्स. सिग्मा रद्द. पण ६०० की ४००?

कोन_आणि_अंतर

लेन्स जहाजाकडे बघून ठरवू नका, फोटो काढताना तुम्ही कुठे उभे असणार आणि समोरची गोष्ट किती लांब असणार त्यावर ठरवा. सगळे अलास्का म्हटलं की मोठी लेन्स मोठी लेन्स करतात, पण ती लागते फक्त छोट्या बोटीवर, आणि तिथेही वाटते तेवढी नाही.

ग्लेशियर बे घ्या. तिथे जहाजं बहुधा मार्जरी ग्लेशियरसमोर जाऊन थांबतात. त्याची पाण्यावरची भिंत साधारण २५० फूट उंच, म्हणजे ७५ मीटर, आणि रुंदी मैलभर. जहाज पाव ते अर्ध्या मैलावर उभं राहतं. ४०० मीटरवरून ७५ मीटरची भिंत आर१०च्या आडव्या फ्रेममध्ये खालपासून वरपर्यंत भरायला ८० एमएम पुरतं, अर्ध्या मैलावरून १६०. म्हणजे बर्फाचा कडा कोसळताना टिपायला तुमची १८-१५०च योग्य आहे, तिथे ६०० लावून बसलात तर कडा पडेल डावीकडे आणि तुम्ही बघत असाल उजवीकडचा निळा खड्डा. उलट आख्खी भिंत एका फोटोत हवी असेल तर पाव मैलावरून १० एमएमवरही जेमतेम निम्मी येते, तेव्हा कॅमेरा उभा धरून ओळीने सात-आठ फोटो काढा आणि घरी येऊन जोडा.

आणखी एक, कडा पडल्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला सेकंदाच्या वर लागतो, आवाजाच्या दिशेने कॅमेरा वळवेपर्यंत खेळ खलास. बारीक बारीक तुकडे कुठून सुटतायत ते बघत राहायचं, मोठा तुकडा बऱ्याचदा तिथूनच निघतो. आर१०मध्ये रॉ बर्स्टला (सलग भराभर फोटो काढायच्या मोडला) प्री-शूटिंग आहे, बटण पूर्ण दाबायच्या आधीचं अर्धं सेकंद ते साठवून ठेवतं, याच कामासाठी ते चालू करा. आणि एका बाजूची जागा धरायला धक्काबुक्की करू नका, जहाज सावकाश फिरवतात, दोन्ही बाजूंना दर्शन होतं. ग्लेशियर बे नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माईकवरून माहिती देत असतात, काय कुठे दिसतंय ते तेच सांगतात.

आता व्हेल. अलास्कात हंपबॅक जातीच्या व्हेलच्या १०० यार्डांच्या आत बोट न्यायला बंदी आहे. हंपबॅकची शेपटी साधारण साडेचार मीटर रुंद असते. १०० मीटरवरून ती आर१०ची फ्रेम काठोकाठ भरायला ५०० एमएम लागेल, ४०० वर चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा राहते आणि तशीच ती राहायला हवी, कारण बोट हलतेय, व्हेल हलतोय आणि तुम्हीही हलताय. टॅमरॉनची खरी गोची दुसऱ्या टोकाला आहे. ती १५०च्या खाली येत नाही, आर१०चा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने त्यावर ते २४०सारखं दिसतं, आणि बोटवाल्याने इंजिन बंद केल्यावर व्हेल आपणहून बोटीजवळ आला तर तुमच्याकडे फक्त काळ्या कातडीचा फोटो असेल.

१००-४०० अंधारी आहे हे खरं, पण जूनमधला अलास्कातला ढगाळ दिवस म्हणजे काही आपल्याकडची आषाढातली संध्याकाळ नव्हे. ४०० वर एफ ८, शटर १/१००० ते १/१६००, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, १६०० ते ३२०० कुठेतरी बसेल, आणि तेवढा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, हल्लीची सॉफ्टवेअरं सहज काढतात. लेन्सचं वजन ६३५ ग्रॅम. दोन तास हातात धरायची आहे, विसरू नका.

नाना_नॉटआउट

आमच्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी वेगळा मार्ग सांगतो. मी सोनी आरएक्स१० मार्क ४ घेऊन गेलो होतो, २४ ते ६०० एकाच लेन्समध्ये, एफ २.४ ते ४, वजन किलोच्या जरासं वर. सेन्सर लहान आहे हो, मान्य, तुमची पोरं झूम करून नाकं मुरडतात, पण डेकवर सुसाट वारा सुटलेला, एका हातात कॉफी, बायको ओरडतेय ते बघा ते बघा, तेव्हा माझा फोटो निघालेला असायचा आणि शेजारचे दोन कॅमेरेवाले तरुण बॅगेची चेन उघडत असायचे. लेन्स बदलणं हा प्रकारच त्या वाऱ्यात नको. वरून खारट तुषार आणि पावसाची भुरभुर.

आणि आईबाबांना तुमच्या लेन्समध्ये काडीचा रस नसणार, त्यांच्यासाठी ८ बाय ४२ची चांगली दुर्बीण घ्या. टकल्या गरुड, म्हणजे बाल्ड ईगल, झाडाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका दिसतो, तो त्यांना दुर्बिणीतून दाखवा, दिवसभर खूश असतात. दुर्बीण एकच नेलीत तर ती बाबांकडून परत मिळणार नाही एवढं लक्षात ठेवा.

पुणेरी_शटर

नाना 😂 दोन घेतो.

@कोन_आणि_अंतर, हिशोब पटला, टॅमरॉन मित्राला परत. मग १०-१८ आणि ५० पण ठेवून देऊ का? आणि ट्रेनमध्ये कुठली लावू?

बे_एरियावाली

ट्रेनमध्ये १८-१५०, आणि ती काढूच नका. व्हाइट पासची गाडी स्कॅगवेच्या बंदरापासून सुमारे २० मैलांत २,८६५ फुटांवर चढते, तीन फुटी नॅरो गेज, १८९८ साली, सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली त्या वेळी (गोल्ड रश) बांधायला घेतली आणि १९०० साली पुरी केली. आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीण समजा. वर जाताना डाव्या बाजूला दरी आहे, तिकडे बसा, येताना जागा अदलाबदल करायला सांगतात. डब्यांच्या टोकाला उघडे प्लॅटफॉर्म असतात, वळणावर गाडीचं तोंड किंवा शेपूट दिसतं तो फोटो तिथूनच निघतो, त्यामुळे तिथे थोडी रेटारेटी असते. आत बसून काचेतून काढणार असाल तर लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, काचेवरची चमक बरीच कमी होते, पण उजेडही एक-दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तुमच्या १८-१५०ला ५५ एमएम व्यासाचा लागेल, १००-४००ला ६७. एकच घ्यायचा तर ५५.

१०-१८ ठेवून देऊ नका असं माझं मत. दीडशे ग्रॅमची तर आहे. केचिकनचा क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांबांवर उभी लाकडी घरं, फूटपाथही लाकडाचाच, आणि जागा अशी चिंचोळी की मागे सरकायला गेलात तर ओढ्यात. शिवाय टोटेम पोल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब, खालून वर बघत काढायचे असतात.

कोन_आणि_अंतर

क्रीक स्ट्रीटपुरती कशाला १०-१८, फोनमधला अल्ट्रावाइड तेच काम करतो आणि केचिकनच्या पावसात बाहेर काढायला फोनच बरा. वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो तिथे, आणि आर१० काय, आरएफ १००-४०० काय, एकही वेदर सील्ड (पाणी-धूळ आत न शिरणारं) नाही. मी तरी १०-१८ घरी ठेवून ५० नेईन, रात्रीच्या जेवणाला, आईबाबांच्या फोटोंना.

बे_एरियावाली

आर१०वर ५० म्हणजे ८० झालं, केबिनमध्ये त्या ५०ने आईबाबांचं फक्त नाक येईल. जेवणाच्या टेबलापलीकडून ठीक आहे. पण दोन्ही मिळून तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या आत आहेत, कशाला भांडायचं, भाजणी कमी करा पाव किलो.

घाटवाट्या

भाजणीला हात लावू नका.

कोन_आणि_अंतर

भाजणीच्या बाबतीत घाटवाट्या बरोबर आहेत 😀

पावसासाठी खास रेनकव्हर नसलं तरी चालतं, हॉटेलातली शॉवर कॅप किंवा झिपलॉकची मोठी पिशवी, पुढे लेन्सपुरतं भोक आणि रबरबँड. हूड नेहमी लावलेलं ठेवा. समुद्राचे तुषार उडले असतील तर रात्री ओलसर मऊ फडक्याने बाहेरून पुसा, मीठ वाळू देऊ नका. थंडीतून उबदार केबिनमध्ये शिरताना कॅमेरा बॅगेत चेन लावून ठेवा आणि अर्धा तास उघडू नका, नाहीतर गार काचेवर बाष्प धरतं. आणि लेन्स बदलायची ती केबिनमध्येच. व्हेलच्या बोटीवर चढताना १००-४०० लावलेली, खिशात फोन. व्हेल जवळ आला की फोन काढा. म्हणजे तुमच्या बायकोचंही ऐकल्यासारखं होईल.

पुणेरी_शटर

ठरलं मग. १८-१५०, १००-४००, आणि १०-१८ व ५० बॅग भरताना जागा उरली तर. एकच शेवटचं, केबिनमध्ये चार्जिंगचं काय? फोन, दोन कॅमेरा बॅटऱ्या, बाबांचं श्रवणयंत्र, म्हणून घरचा एक्स्टेन्शन बॉक्स नेणार होतो.

नाना_नॉटआउट

सर्ज प्रोटेक्टरवाला असेल तर चढतानाच सामानाच्या तपासणीत काढून ठेवतात आणि उतरताना देतात. साधे एक्स्टेन्शन बोर्डही पुष्कळ जहाजांवर चालत नाहीत. तीन-चार पोर्टचा यूएसबी चार्जर न्या, अमेरिकन पिनचा. तुमच्या एलपी-ई१७ बॅटरीसाठी यूएसबीवर चालणारा चार्जर मिळतो तो बघा. सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. आणि श्रवणयंत्राचे सेल असतील तर जास्तीचे इथूनच घेऊन जा, जहाजावरच्या दुकानात घड्याळं आणि परफ्यूमच जास्त.