वेताळाच्या पुढे काय वाचू? मामाच्या पेटीत जुने इंद्रजाल सापडले, सल्ला पाहिजे

महालकर
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करून राहिलो, त्यात माळ्यावरून मामाची पत्र्याची पेटी निघाली अन् आत सगळे मराठी इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम, जंगलातला मास्कवाला हिरो), जादूगार मँड्रेक, बहादूर, सगळे. काहींचे कव्हर गेले, पिना गंजल्या, पण वाचता येतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोट्टे हेच वाचायचो, पण तेव्हा फक्त पुढे काय होते ते पाहायचं, फटाफट पानं उलटायची अन् दुसरं घ्यायचं. आता निवांत वाचून राहिलो तं चित्रं दिसून राहिली. ते जंगल काय जबरदस्त काढलंय, काळ्या शाईच्या नुसत्या फटकाऱ्यात झाडं, वेली, अंधार, अन् वेताळाच्या मास्कमध्ये बुबुळं दाखवलेलीच नाहीत तरी तो चिडलाय की विचारात आहे हे बरोबर कळते. कसं काय करतात हो हे?

तर विचारायचं असं की आता याच्या पुढे काय वाचू? ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ते, म्हणजे चित्रांतून सांगितलेलं मोठं पुस्तक, मी कधी हातात घेतलं नाही. पोरगी सातवीत आहे, ती अॅनिमे म्हणजे जपानी कार्टून पाहते, तिलाही वेताळ आवडला, तर तिच्यासाठी पण सांगा. अन् हे कॉमिक्स नीट कसे ठेवायचे? सध्या बेडरूममध्ये कूलरच्या बाजूच्या टेबलावर आहेत.

डेंकालीचा_रहिवासी
भाऊ, बाकी सगळं सोडा अन् आधी ते कॉमिक्स त्या खोलीतून बाहेर काढा! कूलरची हवा म्हणजे ओली हवा. कागद ती पितो, फुगतो, लाटा येतात, दुपारी कूलर बंद झाला की पुन्हा कोरडा होतो, असं मे महिनाभर रोज चाललं तर काही उरत नाही. आपल्या नागपूरच्या उन्हानं कॉमिक्सचं जितकं नुकसान होते त्याच्यापेक्षा कूलरनं जास्त होते असं माझं ठाम मत आहे. कसर पण ओलाव्यालाच येते.

इंद्रजाल साध्या न्यूजप्रिंटवर छापलेले, त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहते, उजेड अन् हवा लागली की ते पिवळं पडते, मग कागद पापडासारखा तुटतो. म्हणून उजेडापासून लांब, लोखंडी कपाटात ठेवा, पण बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे अॅसिड-फ्री बोर्ड, दोन्ही ऑनलाइन मिळतात. उभे ठेवा पण टेकू देऊन, वाकले की पाठ मोडते. सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांनी टेप निघून जाते अन् तपकिरी डाग राहतो. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. डांबराच्या गोळ्या टाकायच्या असतील तर कागदाला चिकटू देऊ नका. पिनेचा गंज कागदात उतरत असेल तरच पीन काढा, ती पण चिमट्यानं, पाय हळूच सरळ करून. अन् हे सगळं करायच्या आधी मोबाईलवर का होईना पण पानं स्कॅन करून ठेवा, मराठी इंद्रजाल आता खूप कमी लोकांकडे राहिले.

आता तुमच्या त्या "कसं काय करतात" बद्दल. वेताळ ली फॉक नं १९३६ मध्ये सुरू केला, त्याच्या आधी १९३४ मध्ये मँड्रेक. दोन्ही अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात रोज एक पट्टी असे यायचे, तीन-चार चौकटी, बस. म्हणजे रोज तेवढ्यातच काहीतरी घडवायचं अन् उद्याचा पेपर घ्यावासा वाटला पाहिजे असं काहीतरी शेवटच्या चौकटीत ठेवायचं. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ पासून इंद्रजालमध्ये त्या पट्ट्या जोडून पुस्तकं काढली, म्हणून आपल्याला वाचताना दर दोन-तीन चौकटींनी एक झटका बसतो. ती लय तिथून आली. पानं मोजकी म्हणून काही चौकटी कापल्या पण जायच्या, मधेच गोष्ट उडी मारते असं वाटलं तर समजून घ्या. तुम्ही म्हणता ते जंगल बहुतेक साय बॅरीचं असेल, त्यानं १९६१ पासून १९९४ पर्यंत वेताळ काढला. अन् कव्हर गेलेत म्हणता, त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण कव्हरं आपल्या इथल्या माणसाची, बी. गोविंद यांची असायची. ज्यांची शाबूत आहेत ती नीट पाहा, आतल्या कुठल्याच चौकटीची नक्कल नसते, त्यांनी स्वतः रंगवलेला प्रसंग असतो. बहादूरचे आधीचे अंक पण त्यांनीच काढले, लिहिले आबिद सुरती यांनी, १९७६ पासून. चंबळचे डाकू, गावातल्या लोकांचं सुरक्षा दल, म्हणजे आपल्या मातीतला हिरो. ते सगळ्यात आधी पिशवीत घाला.

धरमपेठची_वाचनवेडी
महालकर दादा, तुमची पोस्ट वाचून इतका आनंद झाला! तुम्ही चित्र वाचायला लागलात, आता ग्राफिक नॉव्हेल तुम्हाला अवघड जाणार नाही, कारण तिथे अर्धी गोष्ट शब्दात नसतेच.

माझं ऐकाल तर पहिलं पुस्तक 'भीमायन' घ्या. नवयान प्रकाशनानं २०११ मध्ये काढलं, चित्रं दुर्गाबाई व्याम अन् सुभाष व्याम यांची, दोघंही परधान गोंड कलाकार, लेखन श्रीविद्या नटराजन अन् एस. आनंद यांचं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाणी, निवारा अन् प्रवास यातले अपमान अन् त्याच्या विरुद्धची लढाई. आपल्यापैकी बहुतेकांना हे प्रसंग पाठ आहेत, शाळेतलं पाणी, गोरेगावचा प्रवास, बडोद्यात राहायला जागा न मिळणं, महाडचं तळं. तरी हे पुस्तक वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ते सांगायची पद्धतच वेगळी आहे. यात चौकटीच नाहीत. व्याम दांपत्यानं माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला, त्यांना सगळ्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा पाहिजे होती, म्हणून गोंड घरांच्या भिंतीवर अन् जमिनीवर काढतात ती दिग्ना नक्षीच पानभर वळत जाते अन् तीच प्रसंग वेगळे करते. आता विचार करा, ज्या माणसाला आयुष्यभर लोकांनी सांगितलं की तू या रेषेच्या आत यायचं नाही, त्याची गोष्ट रेषा पुसून सांगितली. मला यापेक्षा बरोबर निवड सुचत नाही.

अन् बोलण्याचे फुगे पाहा. जो प्रेमानं बोलतो त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जो जातीचं विष ओकतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मजकूर वाचायच्या आधीच तुम्हाला कळते की समोरचा काय बोलणार आहे. तहानलेल्या लहान भीमच्या अंगातच मासा काढलाय, त्या पानावर मी किती वेळ थांबले होते. वेताळाच्या मास्कमधल्या डोळ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलं ते ज्याला दिसलं त्याला हे सगळं दिसणारच.

आपण नागपूरची माणसं, दीक्षाभूमी आपल्या घराजवळ, अन् हे शहर वसवलं ते पण गोंड राजा बख्त बुलंद शहानं. गोंड कलाकारांनी काढलेले बाबासाहेब आपल्या घरात नसतील तर कुठे असतील? पोरीसोबत वाचा, सातवीला चालते.

नंतर 'माऊस'. आर्ट स्पीगलमननं आपल्या वडिलांना बसवून विचारलं की हिटलरच्या छळछावणीतून तुम्ही कसे वाचलात, अन् ते ऐकत ऐकत काढलं. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजर. १९९२ मध्ये त्याला खास पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण ते तुम्ही वाचा, पोरीला अजून थोडी वर्षं थांबू द्या. मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' पण थोडं मोठं झाल्यावर, इराणच्या क्रांतीत वाढणारी मुलगी, सगळं निव्वळ काळं-पांढरं.

मांगा_पोट्टा_हिंगणा
काका, सातवीतल्या मुलीला पहिलं मांगा (जपानी कॉमिक्स) म्हणून 'फुलमेटल अल्केमिस्ट' द्या!! हिरोमु अराकावा म्हणून बाई आहेत त्यांचं, २७ भाग, २००१ ते २०१०, अन् गोष्ट खरंच पूर्ण होते, उगाच ताणलेली नाही. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात अन् त्याची किंमत अंगावर भोगतात. मारामारी आहे, थोडं रक्त पण आहे, पण प्रत्येक मारामारीचा परिणाम कोणावर तरी होताना दाखवतात. पहिला भाग तुम्ही आधी वाचून पाहा मग द्या. फक्त तिला सांगा की उजवीकडून डावीकडे वाचायचं, पाचएक पानात डोळ्याला सवय होते. मारामारी नकोच असेल तर रैना टेलगेमायरचं 'स्माईल' द्या, ते मांगा नाही, पडून समोरचे दात जातात अन् मग तारा लावून शाळेत जावं लागते त्या मुलीची खरी गोष्ट, रंगीत, माझ्या बहिणीनं एका बैठकीत संपवलं.

अन् तुमच्यासाठी ओसामु तेझुकाचं 'बुद्ध'!! जपानमध्ये १९७२ ते १९८३ चाललं, इंग्रजीत ८ जाडजूड भाग. मला वाटलं होतं पहिल्या पानापासून सिद्धार्थ असेल, तर नाही, गोष्ट सुरू होते ती छप्रा नावाच्या गुलाम पोरापासून अन् तट्टा नावाच्या, समाजानं बाहेर टाकलेल्या लेकरापासून. सिद्धार्थ येईपर्यंत त्या समाजात काय चाललं होतं ते तुम्ही पूर्ण पाहून घेतलेलं असते, मग तो पुढे जे बोलतो ते कोणासाठी बोलतो हे सांगावं लागत नाही. मी ते वाचून झाल्यावर कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला गेलो होतो, ते विहार पण जपानी मदतीनं उभं राहिलंय, तिथे बसून शेवटचा भाग पुन्हा वाचला.

महालकर
अरे काय सुंदर लिहिता रे तुम्ही लोक. कॉमिक्स कूलरच्या खोलीतून हलवले, पिशव्या अन् बोर्ड ऑर्डर केले. बी. गोविंद यांची सही दोन कव्हरवर सापडली, पोरीनंच शोधली. भीमायन नक्की घेतो. 'बुद्ध' पण घरी आणलं तर पोरीच्या हाती लागणारच, चालेल का? अन् दोन्ही आधी पाहायला कुठे मिळतील?

धरमपेठची_वाचनवेडी
'बुद्ध' मध्ये हिंसा आहे अन् उघडी शरीरं पण बरीच आहेत, तेझुका लपवत नाही. सातवीला मी तरी एकटीला देणार नाही, नववी-दहावीत द्या, तोवर वरच्या खणात ठेवा. भीमायन मी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून घेतलं होतं, पण दसऱ्यापर्यंत थांबू नका, ऑनलाइन मिळते. आधी पाहायचं असेल तर माझी प्रत नेऊन वाचा, 'बुद्ध'चे पहिले दोन भाग पण आहेत, मेसेज करा, शनिवारी संध्याकाळी मी सीताबर्डीवरच असते.

डेंकालीचा_रहिवासी
ताई, तुमचं झालं की ती प्रत मला पण पाहिजे. अन् महालकर भाऊ, बहादूरचे अंक स्कॅन झाले की सांगा, माझ्याकडे हिंदीतले काही आहेत, एक-एक चौकट समोरासमोर ठेवून कुठली कापली ते पाहू.